घुम्याची पाठ

तोंडवली,
कार्तिक वद्य, १९६१

प्रिय शेवंती,

'प्रिय' लिहून बराच वेळ थांबलो. लग्न झालेल्या बाईला असं लिहावं की नाही, यातच अर्धी सकाळ गेली. 'सौभाग्यवती' लिहून पाहिलं, तर ते कचेरीतल्या कारकुनाने लिहिल्यासारखं दिसलं. तो कागद फाडला. 'प्रिय'च राहू दे. पत्र पोस्टाने पाठवत नाही. लक्ष्मी परवाच्या बोटीने मुंबईला नवऱ्याकडे निघाली आहे, तिच्याजवळ देतो. तुझ्याच हातात द्यायचं, घरात दुसरं कोणी नसताना, असं तिला बजावलंय. ती म्हणाली, "मेल्या, माझो घो माका घराभायर काढीत!" पण नेते म्हणाली. आपल्या शाळेतली तीच एक अजून माझ्याशी धड बोलते. तेव्हा दार लोटून बस आणि शेवटपर्यंत वाच. गोष्टीचं शेवटचं पान आधी उघडायची तुझी सवय मला ठाऊक आहे. आज एवढ्यापुरती ती सोड.

पहिली बातमी ही की घुम्या गेला. भाईंचं कार्ड तुला आलं असेल नाहीतर येईल, आणि त्यात 'कूर्मदेवांनी समाधी घेतली' असं असेल. तुझे वडील खोटं लिहितात असं मी म्हणत नाही. ते जे मानतात तेच लिहितात, आणि त्याचीच मला भीती वाटते. घुम्या आजाराने मेला. बरा होण्यासारखा आजार होता, आणि बरा होताना मी त्याला पाहिलंय. आजोळी ठेवलेल्या तुझ्या गुरुदासचं काय, हे तू आता विचारणार. गुरुदास आहे, जेवतो, हसतो, मला बघितलं की "छत्या" अशी हाक मारतो. त्याच्याबद्दल लिहायचंच आहे. पण घुम्याची हकीकत आधी सांगितल्याशिवाय ते तुला पटणार नाही, आणि पटलं नाही तर मी हे सगळं कशाला लिहितोय?

मळ्यात पाणी भरलं होतं आणि बांधावर तुला तो सापडला होता, आठवतं? काळा, तळहाताएवढा, मान कवचात ओढून घेतलेला. तू त्याला परकराच्या ओच्यात घालून आणलास आणि त्याने ओच्यातच घाण केली, म्हणून काशीकाकीने, तुझ्या आईने, तुला बदडलं होतं. बावीकडच्या, विहिरीचं पाणी साठवायच्या दगडी डोणीत तू त्याला ठेवलास. बोलत नाही, नुसता टक लावून बघतो, म्हणून तूच नाव ठेवलंस घुम्या. तुझा परशुरामदादा हसून म्हणाला होता, "तुझ्या घोवाचा नावपण ह्याच ठेव." मी तेव्हा मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं की मीसुद्धा फार बोलायचं नाही. बघ, मूर्खपणा किती जुना आहे. जमलं तर नाहीच.

काय काय खायचा तो! सुंगटं सोलताना काढलेली डोकी, तारल्यांची आतडी, भाताच्या खाचरातले गोगलगायींसारखे लहान शंख, ते तर कवचासकट कडाकड फोडायचा. पाट्या घासायला आपण किनाऱ्यावरून माकुलाचं पांढरं हाड गोळा करून आणायचो. एकदा तुझ्या हातून ते डोणीत पडलं, तर हा ते कुरतडत बसला. तेव्हापासून तू पाटीसाठी एक आणि घुम्यासाठी एक आणू लागलीस. दुपारी डोणीतल्या धोंड्यावर चढून पाय ताणून ऊन खात पडायचा. तू त्याच्या पाठीवर बोटाच्या पेराने ठक् ठक् करायचीस आणि विचारायचीस, "घरात कोण आसा?" नारळाच्या करवंटीवर वाजावं तसं वाजायचं. आपण त्याची कसलीही काळजी घेत नव्हतो गो. त्याला जे लागतं ते आपसूक मिळत होतं. जे लागतं त्याला जीवनसत्त्वं म्हणतात आणि कॅल्शियम म्हणतात, हे मला कोल्हापूरला जाऊन कळलं.

मग परशुरामदादाचा मचवा गेला. ते तुला मी काय सांगू. पण त्या वेळी तू पडून होतीस, म्हणून तुला माहीत नसेल अशी एक गोष्ट सांगतो. मचव्याचं फळकूट किनाऱ्याला लागलं त्या सकाळी भाई ते खांद्यावर घेऊन घरी आले, आणि घुम्या डोण सोडून थेट उंबऱ्यावर येऊन बसला होता. पावसाने डोण भरून वाहिली होती, तो बाहेर पडला, दुसरं काय? पण भाई त्याच्यासमोर बसले. कितीतरी वेळ बसले. मी आणि माझे काका दत्ताराम तिथे उभे होतो. भाई म्हणाले, "झील नेल्यान, आणि देव पाठयल्यान." दर्याने मुलगा नेला आणि बदल्यात देव धाडला, असं त्यांनी त्या दिवशी मनाशी धरलं.

त्यानंतर त्यांनी गळ्यात माळ घातली, मासे सोडले, घरात मासळीचा वास चालेना. किनाऱ्यावरच्या घरात! घुम्या मात्र तुझं लग्न होईपर्यंत बावीकडेच होता, कारण तू भाईंना हात लावू देत नव्हतीस, चोरून सुंगटं घालत होतीस. तू गेलीस आणि तिसऱ्या दिवशी भाईंनी त्याला आत आणला. माजघरात, देव्हाऱ्याच्या बाजूला, जिथे दिवसाही दिवा लागतो तिथे, तांब्याच्या मोठ्या घंगाळात. दूधभात, केळ्याचे काप, उकडलेला दुधी. रोज सकाळी भाई स्वतः घंगाळ घासायचे, आधी त्याला नैवेद्य, मग स्वतः चहा. प्रेमाने करायचे गो. पोराला न्हाऊ घालावं तसं. तिथे ऊन मात्र वर्षात एकदाही पोचत नाही.

मी तेव्हा इथेच येऊन पडलो होतो. तुझ्या हळदीची बातमी कळली त्या दिवशी पुस्तकं खानावळीत तशीच टाकून कोल्हापुरातून सुटलो, आणि पोचलो तेव्हा तुमच्या खळ्यातला मांडव सोडत होते. मांडवाचा एक बांबू मीही धरला. दत्तारामकाकांनी त्यांच्या सुक्या मासळीच्या दुकानात बसवलं, तिथेच आहे अजून. अंगाला वास येतो म्हणून तुमच्या घरी मला पडवीच्या आत येऊ देत नाहीत. काशीकाकीच आमच्याकडे येते. पुण्य लागावं म्हणून आमच्या आईची विचारपूस करायला येते म्हणे, आणि नेमकी बांगड्याची आमटी उकळत असताना! "गो बाय, माका तुकडी नको हां, नुसतो रस घाल." मग रसात तुकडी सापडली की म्हणते, "आता पडलीच हा तर टाकूक कशी?" आई पदर तोंडाला लावून हसते. मीही हसायचो. आता तेच आठवून अंगावर काटा येतो. काकीला निदान आमच्या घरापर्यंत चालत येता येत होतं.

गेल्या गणपतीत आरतीसाठी सगळी वाडी तुमच्याकडे जमली, तेव्हा मला आत जायला मिळालं. घंगाळाभोवती फुलं, हळदकुंकू, सुट्टे पैसे. परगावची माणसंसुद्धा दर्शनाला आलेली. भाई सांगत होते, "देव समाधीत गेलेहत. श्रावणापासून डोळे उघडूक नाय." मी वाकून बघितलं. शेवंती, ते डोळे मिटलेले नव्हते. सुजून बंद झाले होते. पापण्या फुगून भिजलेल्या वाटाण्यासारख्या झालेल्या, कडांना पांढरं साचलेलं. दिसत नाही म्हणून खात नव्हता, आणि खात नाही म्हणून त्याला उपास आहे म्हणत होते. मी पाठीवर पेर ठोकलं. ठक् झालं नाही. बोट आत गेलं. ओल्या पुठ्ठ्यात जावं तसं.

आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी कोंबडीची पिल्लं दोन खुराड्यांत वाढवली होती, एक उन्हात, एक काळोखात. दाणा दोघांना सारखाच. काळोखातली पिल्लं महिन्याभरात पायावर उभी राहीनात, छातीचं हाड ओल्या काडीसारखं वाकलेलं. सर सांगायचे, नुसता चुना पोटात जाऊन भागत नाही. अंगावर ऊन पडलं तर तो हाडात उतरतो, नाहीतर माशाच्या काळजाचं तेल पोटात जावं लागतं. घुम्याच्या पोटात चुना नाही, तेल नाही, आणि अंगावर ऊन नाही. डोळ्यांचं जीवनसत्त्व वेगळं, तेही त्याच काळजात असतं, आणि दूधभातावर काही कासव जगत नाही. एवढं मला पुरतं कळलेलं होतं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, हे बोललो. कसं बोललो ते तू ओळखलंच असशील. भाई शांतपणे म्हणाले, "अर्ध्यावरसून पळान इलेलो मास्तर, आता देवाची नाडी बघतलो." सगळे हसले. म्हातारी यशोदाआजी मागून म्हणाली, "ह्याच्या टाळक्यात त्या चेडवान बिऱ्हाड केल्यान हा, कॉलेज खंयसून रवतला थंय?" मी तापलो, निघून आलो. जाताना गुरुदास दिसला. घंगाळाशेजारीच पाटावर बसवला होता, भिंतीला टेकवून. आरतीच्या गलक्यात पोरं सगळीकडे धावत होती. हा तिथेच बसून टाळ्या वाजवत होता. कपाळ घामाने ओलं. हसताना अगदी तू. मला एवढंच दिसलं, तू. बाकीचं मी बघितलंच नाही.

नवरात्र झालं आणि काशीकाकी आमच्या मागच्या दारी आली. या खेपेला आमटीसाठी नाही. म्हणाली, "तू म्हणतंस ता खरा काय रे? त्याका दुखता काय?" मी म्हटलं, खरं. म्हणाली, "शेवंत्याचो तो. मेलो तर चेडवाक मी काय सांगू?" मग आमचं ठरलं. भाई सकाळी भजनाला देवळात जात, ऊन चांगलं वर येईपर्यंत परतत नसत. तेवढ्यात काकी घुम्याला पदराखाली घालून परसात आणायची आणि मी कुंपणाच्या बाजूने यायचो. होड्यांना लावायला मोरी माशाच्या, म्हणजे मुशीच्या, काळजाचं तेल काढतात, ते ताजं असतानाच वाटीभर मागून आणलं होतं. माकुलाचं हाड कुटून पीठ केलं होतं. बांबूच्या चोयटीने त्याचं तोंड जरा उघडायचं, काळजाचा कण त्या पिठात लोळवून आत सारायचा. एक थेंब तेल, जास्त नाही. मग पातळ पाण्यात धोंड्यावर उन्हात ठेवायचं, सावलीला एक माडाचं झाप. पहिले काही दिवस त्याने सगळं थुंकलं. मग एकदा गिळलं. काकी देवाला हात जोडावेत तसे माझ्याकडे बघून हात जोडायला लागली, मला इतकी लाज वाटली.

आणि एका सकाळी त्याने डावा डोळा उघडला. पुरता नाही, फट पडावी तेवढाच. फटीतून त्याने आमच्याकडे बघितलं, तसंच, टक लावून, जुन्यासारखं. मी त्याच्यापुढे सोललेलं सुंगट धरलं आणि त्याने मान लांब केली आणि ते स्वतःहून ओढून घेतलं. काकी परशुरामदादाचं नाव घेऊन रडली. कित्येक वर्षांत ते नाव त्या घरात कोणी घेतलं नव्हतं. त्या सकाळी मला वाटलं, मी काहीतरी पुरं केलं. जन्मात पहिल्यांदा, अर्ध्यावर न सोडता.

घंगाळाच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला, त्यावरून भाईंना कळलं. दुसऱ्या दिवशी ते देवळाच्या वाटेवरून माघारी आले. मी परसात, घुम्या माझ्या हातात. म्हणाले, "खंय नेतंस माझ्या देवाक?" मी ओरडलो, "देव नाय तो, जनावर आसा! तुमी मारतास त्याका, हातान मारतास!" ते ओरडले नाहीत. म्हणाले, "माझो परशुराम गेलो तेव्हा मी मासे मारून खाय होतंय. त्या पापाचा फळ माका गावला. आता ह्या घरात मासो येवचो नाय. आणखी एक जीव दर्याक देवची माझी ताकद नाय रे." मला तिथे थांबता आलं असतं. बसून सांगता आलं असतं. पण त्यांनी घुम्यावर हात घातला आणि मी हिसकला, आणि त्या ओढाताणीत त्यांच्या गळ्यातली माळ तुटली. मणी सगळ्या परसात. भाई गुडघ्यांवर बसून एकेक मणी वेचायला लागले, चष्मा नाही, हाताने चाचपत. मी घुम्याला त्यांच्यासमोर ठेवला आणि निघून आलो. त्या दिवसापासून मी तुमच्या वाडीत पाय टाकायचा नाही असं पंचांनी ठरवलं. माळ तोडणारा! दत्तारामकाकांनी दोन थोबाडीत दिल्या आणि मी त्या खाल्ल्या.

घुम्या पुन्हा काळोखात गेला. पाणी बदललं, शुद्ध केलं, खोलीला कडी लावली. कार्तिकीनंतर तो गेला. त्याला पालखीत घालून टाळमृदंगात मळ्यापर्यंत नेला, जिथे तुला सापडला त्याच बांधाशी खड्डा. मी लांब, माडाच्या आड उभा होतो. भाईंनी त्याच्या पाठीवर नारळ ठेवला. सोललेला, शेंडीचा, साधा नारळ. आणि तो नारळ हळूहळू खाली गेला. पाठ त्याच्या भाराने आत बसली, शेवंती. ज्या पाठीवर तू ठक् ठक् करायचीस. कोणीतरी ओरडलं, "घेतल्यान! देवान नारळ घेतल्यान!" आणि टाळ दुप्पट जोराने सुरू झाले. मी भाईंच्या तोंडाकडे बघत होतो. परशुरामदादा गेल्यापासून इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. त्यांचा गळा धरावा म्हणून गेलेला मी, माझ्याने पाऊल पुढे पडेना.

तेवढ्यात काशीकाकीने गुरुदासला कडेवरून खाली ठेवला, देवाच्या पाया पडायला. आतापर्यंत मी त्याला बसलेलाच पाहिला होता, नाहीतर कडेवर. तिने त्याला काखेत धरून उभा केला आणि त्याचे पाय बाहेरच्या बाजूला कमानीसारखे वाकले. तिने हात सैल केला तसा तो दुमडून खाली आला, रडलासुद्धा नाही. सवय आहे त्याला. मनगटं जाड, गाठी आल्यासारखी. कपाळ पुढे आलेलं. थंडीची सकाळ आणि टाळूवरून घाम ओघळतोय. दोन वर्षं सरून गेली आणि पोर उभं राहत नाही. त्याच्याबरोबरची पोरं माडावर चढायला बघतात. भाई मायेने त्याचे पाय उचलून एकमेकांवर ठेवत होते आणि लोकांना दाखवत होते, "बगा, माझो नातू. न शिकवता पद्मासन घालता. जन्माचो योगी!" बायका त्याच्या पायांवर डोकं ठेवत होत्या. लग्न होऊन तू गेलीस त्यापेक्षाही ती सकाळ मला वाईट गेली. डोळ्यांसमोर होतं आणि मी कासव बघत बसलो.

मी मालवणात डॉक्टरांकडे गेलो, जे पाहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी मधेच थांबवून विचारलं, "मूल उन्हात खेळतं का? अंडं, मासे, काही पोटात जातं का?" मी नाही म्हटलं. म्हणाले, मुडदूस. मूल घेऊन ये. मी कुठून आणू? मी माळ तोडणारा. काकीला कुंपणावरून गाठलं, हातापाया पडलो. ती म्हणाली, "माका ठावक आसा रे. पण त्यांचो नेम मोडून ह्या पोराक काय झाला तर? परत एक झील घालवूक सांगू नको माका." तिला लिहिता येत नाही, आणि भाई कार्डात काय लिहितात ते तूही जाणतेस: 'चि. गुरुदास खुशाल, फार शांत मूल आहे.' शांत! दुसऱ्या खेपेला दिवस जड गेले म्हणून तू गुरुदासला इथे ठेवलंस, आणि आषाढात ते दुसरं मूल जन्मताच गेलं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या अंगात ताकद नाही, तुला आणखी धक्का नको, म्हणून सगळ्यांनी ठरवून तुझ्यापासून लपवलं आहे. मीही हे पत्र घुम्यावरून सुरू केलं ते त्याचसाठी. एकदम तुझ्या लेकराचं नाव घ्यायची माझी छाती झाली नाही.

म्हणून लिहितोय. तू ये. पत्र पाठवू नकोस, नवऱ्याला पाठवू नकोस, ते येतील, भाईंच्या पाया पडतील आणि परत जातील. तूच ये, मिळेल त्या बोटीने, अशक्त असलीस तरी, लक्ष्मीच्या खांद्यावर हात ठेवून का होईना. आईला कोणी कडी लावून अडवत नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात हाडं अजून ऐकतात. ऊन आणि तेल मिळालं तर पाय सरळ होतील, पण आणखी वर्ष गेलं तर ते तसेच घट्ट होतील, आणि पावसाळा बसला की छाती अशी मऊ असलेलं मूल खोकल्याचा एक ताप काढेल की नाही ते सांगता येत नाही. भाईंशी भांडू नकोस. मी भांडून बघितलं आहे. त्यांनी रडायला सुरुवात केली तरी त्यांच्याकडे बघू नकोस, बघितलंस तर थांबशील. मी धक्क्यावर येणार नाही, तुझ्या नावाला माझ्यामुळे डाग नको. आलीस की सरळ माजघरात जा, गुरुदासला पाटावरून उचल, खळ्यात आण आणि त्याचे पाय उघडे करून उन्हात बसव. रडायचं असेल ते मग रड.

तुला कोणी विचारलं तर हे पत्र लिहिणारा तुझा कोणी नव्हता असंच सांग. तुझ्यापुरता मात्र, तुझाच,

सत्यवान